नाकाडोंगरीचा दर्यावर्दी

प्रत्येक घराण्यात एक तरी पूर्वज असा असतो, की ज्याच्याबद्दल कागदोपत्री काहीच नसल्यामुळे तोंडी बरंच काही असतं. कुणाचे खापरपणजोबा पानिपताहून जखमी घोड्यावर बसून परत आलेले असतात. कुणाच्या घरी भोसल्यांच्या दरबारातून मिळालेलं सोन्याचं कडं असतं, पण ते नेमकं मधल्या एका काकांनी विकून खाल्लेलं असतं. पुण्याकडे तर म्हणे दर तिसऱ्या घरात पेशव्यांच्या पंगतीला बसलेला एक मूळपुरुष असतो. या सगळ्यांना खरोखर एका पंगतीला बसवायचं म्हटलं असतं, तर शनिवारवाडा भंडाऱ्यापर्यंत वाढवावा लागला असता.

आमच्या घराण्यातला पुरुष घोड्यावर बसलेला नाही आणि पाटावरही बसलेला नाही. तो जहाजावर चढलेला आहे. आमचे पणजोबा म्हणे दर्यावर्दी होते.

आता कोकणातल्या माणसाने असं सांगितलं, तर ऐकणारा 'बरं' म्हणून सुपारी कातरायला लागतो. पण आमचं मूळ गाव नाकाडोंगरी; तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. तुमसरहून कटंगीच्या रस्त्याला लागलं की हे गाव लागतं, आणि आणखी थोडं पुढे गेलं की महाराष्ट्र संपून मध्य प्रदेश लागतो. आजूबाजूला सागवान, बांबू, धानाच्या बांध्या आणि जमिनीच्या पोटात मँगनीज. समुद्र नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेषेत मोजला, तरी पाचशे किलोमीटरच्या पलीकडे. तसा भंडारा हा तलावांचा जिल्हा. पाण्याला तोटा नाही. पण ते सगळं गोडं, आणि त्यावर चालणारं सर्वांत मोठं जहाज म्हणजे ढिवरांचा डोंगा. असल्या गावातून माणूस उठतो काय आणि दर्यावर्दी होतो काय!

या हकिकतीचं खातं आमच्या घरात मोठेबाबांकडे आहे. मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. आमच्याकडे चुलत्यालाही बाप म्हणण्याची पद्धत आहे, त्यामुळे रागावणाऱ्यांची संख्या दुप्पट होते. वय शहाऐंशी, दात चार, आवाज मात्र दोनदा सरपंचकीला पडलेल्या माणसाचा, म्हणजे खणखणीत. पणजोबा वारले तेव्हा ते आठ वर्षांचे होते. त्यामुळे "मी त्याले डोळ्यानं पाह्यलं हाये" हे वाक्य उच्चारण्याचा अधिकार आज पृथ्वीतलावर त्यांच्या एकट्याकडे आहे, आणि तो अधिकार ते गंजू देत नाहीत.

मोठेबाबांचे पुरावे चार.

पहिला पुरावा म्हणजे एक पितळी बिल्ला. मारी बिस्किटाएवढा, गोल. त्यावर एक आकडा आणि तीन इंग्रजी अक्षरं. पहिलं 'बी', शेवटचं 'आर'. मधलं घासून गेलेलं आहे, पण ते 'एन' होतं हे मोठेबाबांना लहानपणापासून ठाऊक. "बी म्हनजे ब्रिटिश, एन म्हनजे नेव्ही, आर म्हनजे रॉयल." मी एकदा भीतभीत म्हटलं, "मोठेबाबा, पण शब्दांचा क्रम जरा उलटा वाटतो." ते म्हणाले, "साहेबाचं सारंच उलटं. तो गाडीबी उलट्या बाजूनं चालवते."

दुसरा पुरावा भाषेचा. शेवटच्या आजारात पणजोबा तापात बरळत आणि मधूनमधून "नीळ्ळू, नीळ्ळू" म्हणत. पणजी काही न बोलता उठे आणि त्यांच्या तोंडात पाणी घाली. हा शब्द मराठी नाही, हिंदी नाही आणि गोंडीही नाही, याची मोठेबाबांनी गावात चौकशी करून खात्री केलेली. म्हणजे तो जहाजावरचा इंग्रजी शब्द! गावात इंग्रजी येणारे त्या काळी दोन. दोघांनीही "असेल" म्हटलं.

तिसरा पुरावा सर्वांत विलक्षण. पणजोबा सांगत, की त्यांच्या डोळ्यांदेखत भर समुद्रात दोन मोठी जहाजं बुडाली, आणि एकही माणूस मेला नाही. "दोन जहाजं, आनि एक मानूस मेला नाही!" हे सांगताना मोठेबाबा दोन बोटं वर करून सगळ्यांकडे पाहत. बोटींच्या अपघातात माणसं वाचत नाहीत, ही माझी शंका. त्यावर मोठेबाबांचं उत्तर ठरलेलं: "मंग? म्हनून तर सांगतो. आपला आजा होता ना तिथं!"

चौथा पुरावा गाठीचा. पणजोबांनी बैलाच्या दाव्याला मारलेली गाठ गावात कुणाला सुटत नसे. बैलाला तर नाहीच.

पुराणातली वानगी पुराणात राहिली असती. पण मधे जात पडताळणी आली. मोठेबाबांच्या नातीला इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचा होता, आणि ज्यांनी हा अनुभव घेतला आहे त्यांना ठाऊकच आहे, की या महाराष्ट्रात पूर्वज शोधायला लावणारी शक्ती भक्ती नव्हे, तर प्रवेशप्रक्रिया आहे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. जितका जुना, तितका बरा. मी नुकताच सेवानिवृत्त झालेलो. घरात सर्वांनी एकमताने ठरवलं, की रिकामा माणूस हा आहे.

मग मी विदर्भातल्या माणसाला माहीत असलेली सगळी तीर्थक्षेत्रं केली. गावातल्या जन्ममृत्यूंची नोंद असलेली कोतवाल पंजी पाहिली. शेतीचे अधिकार अभिलेख पाहिले. शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं पाहिली. यांतली काही पानं वाळवीने आधी वाचली होती. एका कार्यालयातले कारकून मला म्हणाले, "साहेब, तुमचे आजोबा नक्की सापडतील. फक्त सोमवारी या." मी सात सोमवार गेलो. सोळा सोमवार करणाऱ्यांना देव पावतो. मला सातव्यालाच पावला. जवळच्या एका गावच्या जुन्या शाळेच्या रजिस्टरात १९२६ सालच्या पानावर आमचे आजोबा सापडले. वय वर्षे सात. बापाचं नाव बरोबर. जात बरोबर. आणि त्यापुढच्या रकान्यात, बापाचा धंदा: खलासी.

मी नक्कल घरी आणली. मोठेबाबांनी चष्मा लावला, काढला, पुसला आणि पुन्हा लावला. मग नक्कल छातीशी धरून ते अंगणात गेले आणि पहिल्याच वाटसरूला म्हणाले, "वाच."

त्या संध्याकाळपर्यंत नाकाडोंगरीत आमचे पणजोबा कप्तान झाले होते.

नात हुशार. आजकालच्या मुलांना आजोबांपेक्षा संगणकाचा स्वभाव चांगला कळतो. ती म्हणाली, "काका, खलाशी होते ना, मग त्यांचा कागद असेल. साहेबाने कागदाशिवाय कुणाला बोटीवर चढवलं असेल का?" प्रश्न बिनतोड होता. आम्ही दोघं शोधाला लागलो, आणि त्या निमित्ताने मला एक असं जग दिसलं, की नाकाडोंगरीत बसून त्याची कल्पनाही येऊ नये.

ब्रिटिश झेंड्याखालच्या व्यापारी जहाजाला निघण्यापूर्वी आपल्या माणसांशी करारनामा करावा लागे. नाव, वय, गाव, हुद्दा, पगार असं सगळं त्यात असे, आणि सफर संपली की तो कागद सरकारजमा होई. असे लाखो कागद साठले. शेवटी साहेबाच्याच घरात जागा पुरेना. मग १८६३ ते १९३८ या काळातल्या याद्यांचं वाटप झालं. प्रत्येक सालातला दहा टक्के नमुना लंडनजवळच्या क्यू इथल्या राष्ट्रीय दप्तरखान्याने ठेवला. ज्या सालाच्या शेवटी पाच येतो, त्या बऱ्याचशा सालांचे कागद ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयाकडे गेले. आणि उरलेले, म्हणजे एकूण कागदांपैकी सत्तर टक्के, अटलांटिक ओलांडून कॅनडात न्यू फाउंडलंड बेटावरच्या मेमोरियल विद्यापीठात जाऊन पडले. म्हणजे राजापूरचा खलाशी मुंबईत बोटीवर चढला, लिव्हरपूलला उतरला, आणि त्याचं नाव मात्र त्याच्यापेक्षा लांबचा प्रवास करून बर्फात जाऊन बसलं!

यांतल्या १९१५ सालच्या याद्या आता घरबसल्या फुकट पाहता येतात. त्यांत साडेसात लाखांच्या आसपास नावं आहेत. नातीने त्या उघडल्या. मी शेजारी बसलो, मोठेबाबा खाटेवरून सूचना करू लागले.

आपल्या लोकांची नावं साहेबाने कानाने ऐकून हाताने लिहिलेली. त्यामुळे इस्माईलची पाच रूपं आणि इब्राहिमची सात. गावांचं तर विचारूच नका. पण हुद्दे वाचताना मजा आली. बोटीवर आपल्या माणसांची एक वेगळीच वतनदारी होती. सगळ्यांचा मुकादम तो सारंग. बहुधा तोच माणसं भरती करून आणी, आणि बोटीवर त्याचाच शब्द चाले. त्याच्या हाताखाली टंडेल. सुकाणू धरणारा सुखाणी. सामानसुमान सांभाळणारा कसाब, म्हणजे नावावरून वाटतं तसा बकरा कापणारा नव्हे. भट्टीत कोळसा मारणारे आगवाले. आणि स्वयंपाक करणारा भंडारी.

"भंडारी?" मोठेबाबा खाटेवर उठून बसले. "भंडाऱ्याचा मानूस! लिहिलं हाये ना तिथं?"

"नाही आजोबा, भंडारी म्हणजे कुक."

"कुक असन, पन कुठचा? भंडाऱ्याचा! नाहीतर त्याले भंडारी कशाले म्हनतीन? नागपूरचा असता तं नागपुरी म्हटलं असतं."

पुढे कुणीतरी त्यांना सांगितलं, की मुंबईत गोदीच्या कुशीत एक डोंगरी नावाचा भाग आहे. झालं! डोंगरी आपली, भंडारी आपला. आता फक्त बोटीचं नाव शोधायचं काय ते उरलं होतं.

तोवर मी मात्र त्या यादीत अडकलो होतो. पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर ब्रिटिश व्यापारी जहाजांवर पन्नास हजारांच्या आसपास लास्कर, म्हणजे बहुतेक आपल्याकडचे खलाशी होते. मुंबईत भरती होणाऱ्यांत डेकवर रत्नागिरीचे आणि गुजरातच्या किनाऱ्यावरचे, भट्टीवर पंजाबकडचे, आणि जेवणघरात गोव्याचे. हे गोव्याचे लोक मुंबईत धोबीतलावाच्या बाजूला आपापल्या गावच्या 'कुडां'त राहत, बोट मिळेपर्यंत. कलकत्त्याहून सिल्हेट-चितगावचे. नोकरीच्या दाखल्याला खलाशी 'नली' म्हणत. ती हरवली, की माणूस जिवंत असून नोकरीपुरता मेला. पगार गोऱ्या खलाशाच्या निम्म्याहूनही बराच कमी. झोपायची जागाही कमी, कारण कायद्यानेच ती कमी ठरवलेली. समुद्र मात्र दोघांना सारखाच खोल.

१७ सप्टेंबर १९४० च्या रात्री 'सिटी ऑफ बनारस' नावाची बोट अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने बुडवली. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी कॅनडाला पाठवलेली नव्वद मुलं तीत होती. त्यांतली सत्त्याहत्तर गेली. जगाने त्या मुलांसाठी अश्रू ढाळले, आणि ते योग्यच होतं. त्याच रात्री त्याच थंड पाण्यात आपल्याकडचे शंभराच्या आसपास खलाशी गेले. काशीचं नाव असलेल्या त्या बोटीवर मेलेल्यांच्या घरी तार कधी पोचली असेल, आणि ती वाचून दाखवायला गावात कुणी असेल का, हा विचार मला त्या रात्री सुचला आणि झोप येईना.

पुढे मुंबईला जाण्याचा योग आला, तेव्हा मुद्दाम मशीद बंदरला 'इंडियन सेलर्स होम'कडे गेलो. पहिल्या महायुद्धात समुद्राखेरीज ज्यांना दुसरी कबर मिळाली नाही अशा दोन हजारांवर खलाशांचं स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जवळजवळ सहा हजार व्यापारी खलाशांच्या नावांची वही केली, तिच्या दोन प्रती काढल्या. एक मुंबईला ठेवली, एक चितगावला. पुढे देशाचे तुकडे झाले, पण वही तीच राहिली. इकडची नावं तिकडे आहेत, तिकडची इकडे. बाहेर हातगाड्या, मसाल्यांचा वास, हमालांची 'बाजू, बाजू'. मला वाटलं, या यादीतल्या एखाद्याचा पणतू चिपळूणला किंवा दापोलीला बसून आपल्या माणसाचा शोध घेत असेल. त्याला खरोखर सापडायला हवं. आणि आपण नाकाडोंगरीहून येऊन, एका घासलेल्या बिल्ल्याच्या जोरावर, या रांगेत आपला माणूस मधेच घुसवणार? एसटीच्या रांगेतसुद्धा असं करणाऱ्याला लोक चार शब्द सुनावतात.

तेव्हा मी 'खलासी' या शब्दाच्याच मागे लागलो. इंग्रजांनी हिंदुस्थानात ऐकलेल्या शब्दांचा 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा एक जाडजूड कोश १८८६ साली निघाला. त्यात या शब्दाचे अर्थ वाचून मी गार झालो. खलासी म्हणजे तंबू ठोकणारा. खलासी म्हणजे मोजणीदाराबरोबर साखळी धरून चालणारा. आणि खलासी म्हणजे बोटीवरचा माणूसही. थोडक्यात, जिथे दोर ओढायचा, वजन उचलायचं, काहीतरी उभं करायचं, तिथला तो खलासी. रेल्वेने तर हा शब्द उचलून आपलाच केला. रूळ उचलणारा खलासी, इंजिनाखाली सरपटणारा खलासी, पूल चढवणारा खलासी. कोकणात शब्द 'खलाशी' राहिला आणि समुद्रावर गेला. आमच्या मध्य प्रांतात तो हिंदीच्या शेजारामुळे 'खलासी' राहिला आणि रुळावर आला. एका 'श'ने आमच्या घराण्याची बोट सुकी ठेवली होती!

आणि मग तो बिल्ला. बी, एन, आर. तुमसरच्या कुठल्याही म्हाताऱ्याला झोपेतून उठवून विचारलं असतं, तरी त्याने 'बंगाल-नागपूर रेल्वे' असं सांगून कूस बदलली असती. पण आमच्या घरात त्या बिल्ल्यावर मोठेबाबांचा हात होता, आणि मोठेबाबांच्या हाताखालून वाचण्याची कुणाची छाती नव्हती.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पणजोबा रेल्वेत खलासी, गोबरवाहीच्या बाजूला मँगनीजच्या वाघिणींमागे कुठेतरी. दर्यावर्दी ही घरगुती थाप. पण मग 'नीळ्ळू'चं काय? आणि बुडालेल्या दोन जहाजांचं काय? थाप मारणारा माणूस जहाज बुडवतो, ते माणसांसकट. 'एकही माणूस मेला नाही' असली पुस्ती कुणी थापेला जोडत नाही. त्याने थाप पडते.

उत्तर मिळालं ते नागपूरला, आमच्याच कुंपणापलीकडून. शेजारी एक तेलुगू कुटुंब राहायला आलं. एके दिवशी दुपारी त्यांची म्हातारी आई ओट्यावर बसून नातवाला हाका मारत होती. त्या हाकेत मला स्वच्छ ऐकू आलं: "नीळ्ळु!" नातू आतून तांब्याभर पाणी घेऊन आला.

आमच्या पणजोबांना तापात पाणीच हवं असे. पणजीला ते कळत होतं. बाकी सगळे शब्दकोश शोधत होते.

तेलुगू म्हटल्यावर नातीने दुसऱ्याच दिवशी विशाखापट्टण बंदराचा इतिहास काढून माझ्यासमोर ठेवला. मी वाचत गेलो आणि आमचं घर त्यात तुकड्यातुकड्याने सापडत गेलं. मध्य प्रांतात मँगनीज काढायला १८९६ साली एक इंग्रज सिंडिकेट निघालं होतं. पुढे त्याची कंपनी झाली, आणि १९६२ पासून तिचीच 'मॉइल'. डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या आमच्या उशापायथ्याच्या खाणी त्यांच्याच. पोलाद करायला मँगनीज लागतं, म्हणून ते इंग्लंड-युरोपला जायचं. पण इथून मुंबई पडते लांब. म्हणून पूर्व किनाऱ्यावर विशाखापट्टणला बंदर बांधायचं ठरलं आणि रायपूरहून विजयनगरमला जंगलं-डोंगर फोडून रेल्वे नेण्यात आली. ती १९३१ मध्ये पूर्ण झाली. हा लोहमार्ग बंगाल-नागपूर रेल्वेचा, आणि बंदराच्या कामातही तिचाच मोठा हात. ७ ऑक्टोबर १९३३ रोजी 'जलदुर्गा' नावाची बोट त्या नव्या बंदरात पहिल्यांदा शिरली. बोट कुणाची? वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीची, म्हणजे आपल्याच माणसांची.

आणि त्याआधीची एक गंमत. बंदराच्या तोंडाशी लाटा फार. त्यांना अडवायला भिंत हवी. म्हणून इंजिनिअरांनी दोन जुनी जहाजं आणली, ती दगडधोंड्यांनी भरली आणि बंदराच्या तोंडाशी मुद्दाम बुडवली.

दोन जहाजं. आणि एकही माणूस मेला नाही.

मी ते पान तीनदा वाचलं. नव्वद वर्षं आमच्या घरात जी गोष्ट हसण्यावारी गेली होती, ती शब्दशः खरी होती. मध्य प्रांतातला एक खलासी रेल्वेबरोबर दक्षिणेत जातो, दोर ओढतो, वजनं उचलतो, तिथल्या माणसांकडे त्यांच्या भाषेत पाणी मागायला शिकतो, आणि एक दिवस काठावर उभा राहून पाहतो, की शहाणीसुरती माणसं दोन धडधाकट जहाजं आपल्या हाताने बुडवताहेत. गावी येऊन त्याने हे सांगितलं. कुणाला पटलं नसेल. मलाही पटवताना पुस्तक लागलं.

आता हे मोठेबाबांना सांगायचं कसं, हा प्रश्न होता. हसू नका. मोठेबाबा शाळेत होते तेव्हा अंगात सदरा एकच. मालगुजाराची मुलं बाकावर, हे खाली. "आमचा आजा जहाजावर होता" एवढं एकच वाक्य त्यांच्याजवळ होतं, आणि ते म्हटलं की बाकावरची मुलं क्षणभर खाली बघत. त्या वाक्यावर त्यांनी सगळं आयुष्य काढलं. शहाऐंशीव्या वर्षी ते काढून घ्यायचं, आणि त्याजागी द्यायचं काय, तर रेल्वेतली हमाली?

नात म्हणाली, "मी सांगते." तिने सगळं सांगितलं. बिल्ला, नीळ्ळू, दोन जहाजं, मँगनीज. मोठेबाबा ऐकत राहिले. मधे एकदाही बोलले नाहीत, तेव्हा मला खरी काळजी वाटली.

शेवटी त्यांनी विचारलं, "म्हनजे त्यानं समुद्र पाह्यला?"

"पाहिला, आजोबा. कितीतरी दिवस पाहिला."

"जहाजं बुडाली ते खरं?"

"अगदी खरं. छापलंय."

मोठेबाबा थोडा वेळ गप्प बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आनि त्या बंदरातून जहाज गेलं, ते रिकामंच गेलं का?"

"नाही. मँगनीज भरून. आपल्या बाजूचंच असणार बरंचसं."

"मंग! भरल्याबिगर जहाज जाते का? कप्तान काय, शिटी वाजवते. भरलं कोनी? आपल्या आज्यानं!" आणि ते उठून अंगणात गेले. वाटसरू दिसतो का, ते पाहायला.

सध्या गावात पणजोबांचा हुद्दा वाढला आहे. पूर्वी ते नुसते बोटीवर होते. आता विशाखापट्टणचं बंदर त्यांनी बांधलं आहे. मी हरकत घेतलेली नाही. बंदर कुणीतरी बांधलंच होतं, आणि इतिहासात ज्यांची नावं लिहिली आहेत त्यांनी त्यातला एकही दोर ओढलेला नव्हता.

पडताळणीचं काम मात्र त्याच १९२६ च्या पानावर झालं. साहेबाच्या याद्या, कॅनडातलं विद्यापीठ, हॉब्सन-जॉब्सन यांपैकी समितीला कशाचीच गरज पडली नाही. मुलगी आता सिव्हिल इंजिनिअरिंगला आहे. दोर ओढण्याचं काम घराण्यात पुन्हा आलं, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा वाचकहो, घरातल्या म्हाताऱ्यांची एखादी अचाट गोष्ट खोडून काढायची हुक्की आली, तर आधी ती लिहून घ्या. जशी सांगतील तशी, त्यांच्याच शब्दांत, न समजलेल्या शब्दांसकट. निष्कर्ष त्यांचा चुकत असेल; तपशील सहसा चुकत नाही. शाळेच्या रजिस्टरात 'खलासी' एवढाच शब्द मावतो. तहानेने मागितलेलं पाणी आणि डोळ्यांनी पाहिलेली जहाजं त्या रकान्यात मावत नाहीत. ती घरीच, एखाद्या शहाऐंशी वर्षांच्या डोक्यात असतात, आणि त्या दप्तरखान्याला आग लागण्याची वाट पाहावी लागत नाही. तेवढं एकदा कागदावर आलं, की मग पानिपताहून आलेल्या त्या घोड्याचा रंगही विचारून ठेवा. काय सांगावं, घोडा खरा निघायचा आणि पानिपत भलतंच.